दोष चेहऱ्याचा नाही, मापाचा

लग्नाचा अल्बम उघडला की आपल्या घरांतून एक वाक्य हमखास कानावर येते. “माझा फोटोच चांगला येत नाही गं, मी काळीच येते.” म्हणणारी हसत म्हणते, ऐकणाऱ्याही हसतात आणि पान उलटले जाते. पण त्या हसण्याच्या आड काय असते ते घरातल्या बायांना विचारावे. पुढच्या कार्यक्रमात फोटोवाला आला की तीच बाई मागच्या ओळीत जाऊन उभी राहते. मुलगी पावडरचा आणखी एक थर लावून स्टुडिओत जाते. वीस वर्षांनी अल्बम चाळला तर घरासाठी राबलेली माणसेच त्यात नीट दिसत नाहीत.

वाचक बंधू-भगिनींनो, आज हे वाक्य खोडून काढायचे आहे. तेही भाषण करून नव्हे, तर हिशेब मांडून. फोटोत चेहरा काळवंडतो तेव्हा दोष चेहऱ्याचा नसतो, प्रकाशाचे माप चुकलेले असते. हे ज्याला स्वतःच्या हाताने तपासून बघायचे असेल त्याने रोलचा, हाताने चालवायचा कॅमेरा एकदा शिकावा. मोबाईलमध्ये हे माप आतल्या आत होऊन जाते, आपल्याला दिसत नाही. हाताच्या कॅमेऱ्यात प्रत्येक आकडा आपण स्वतः फिरवतो. म्हणून फोटो बिघडला तर कुठे बिघडला हेही कळते.

कॅमेरा कोणता?

पुष्कळ घरांत माळ्यावर एखादा जुना कॅमेरा पडून असतो. आगफा क्लिक-३ हा आपल्या देशात खूप खपलेला साधा कॅमेरा. पण त्यात फिरवण्यासारखे फारसे काही नाही, त्यामुळे तो शिकण्यासाठी पुरत नाही. शिकायला ३५ मिलिमीटरचा, भिंग बदलता येणारा, सगळे आकडे हाताने लावायचे असा कॅमेरा लागतो. याशिका एफएक्स-३, निकॉन एफएम-१०, रशियन झेनिट हे त्याच जातीचे. या लेखात मी उदाहरणाला पेंटॅक्स के-१००० घेतो. १९७६ साली तो बाजारात आला आणि १९९७ पर्यंत बनत राहिला. परदेशातल्या फोटोग्राफीच्या वर्गांत मुलांना हाच कॅमेरा घ्यायला सांगत, कारण त्यात शिकण्यापुरते सगळे आहे आणि जास्तीचे काहीच नाही. त्याला घड्याळात असतो तसा एक छोटा गोल सेल लागतो, तोही फक्त प्रकाश मोजणाऱ्या सुईपुरता. सेल संपला तरी कॅमेरा चालतो, कारण आतले यंत्र चावीच्या घड्याळासारखे स्प्रिंगवर आहे. त्याला बंद-चालूचे बटण नाही. भिंगावर झाकण ठेवले की सुई झोपते, सेल वाचतो. म्हणून काम झाले की झाकण लावण्याची सवय ठेवावी.

जुना कॅमेरा घेताना चार गोष्टी बघाव्यात. एक, भिंग उजेडाकडे धरून आरपार पाहा. आत जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, सोडून द्या. आपल्याकडच्या पावसाळी हवेत हा रोग फार. दोन, सेलची जागा उघडून हिरवट-पांढरा गंज आहे का पाहा. तीन, मागचे दार उघडून कडेचा काळा स्पंज बोटाला चिकटतो का पाहा. चिकटत असेल तर तिथून उजेड आत शिरतो. तो स्पंज मात्र दुरुस्तीवाला थोडक्यात बदलून देतो. चार, मागचे दार उघडे ठेवून प्रत्येक वेगावर खटका दाबून पाहा. एक सेकंद आणि एक सेकंदाचा तिसावा भाग यांतला फरक नुसत्या कानालाही कळतो. मुंबईकरांना अशी दुकाने आणि दुरुस्ती करणारे फोर्टमधल्या बोरा बाजार भागात सापडतात. घरी आणल्यावर कॅमेरा कपाटात कपड्यांत गुंडाळून ठेवू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावा.

आता खर्चाचे स्पष्टच बोलू. आजच्या भावाने रंगीत रोल, त्याची धुलाई आणि स्कॅन मिळून दीड हजार रुपयांच्या आसपास सहज जातात. रोलमध्ये ३६ फोटो. म्हणजे एक खटका सुमारे ४० रुपयांचा. आपल्यासारख्यांच्या घरात ही चैन वाटेल, आणि महिन्याला चार रोल उडवले तर ती चैनच आहे. पण चार-पाच जणांनी मिळून एक कॅमेरा आणि एक रोल घेतला, तर रोलचा माणशी खर्च एका सिनेमाच्या तिकिटाएवढा येतो. शिवाय ४० रुपये जाणार आहेत म्हटल्यावर माणूस खटका दाबण्याआधी विचार करतो. शिकण्यासाठी तो विचारच हवा असतो.

तीन आकडे, एक ताळेबंद

मी कारकून माणूस, त्यामुळे मला हे जमाखर्चाच्या भाषेत समजले. रोलवर ठरावीक प्रकाश जमा व्हायला हवा. कमी पडला तर फोटो काळा, जास्त झाला तर पांढराफटक. ही जमा तीन आकड्यांवर ठरते.

पहिला आकडा रोलचा. रोलच्या डबीवर १००, २०० किंवा ४०० असे लिहिलेले असते. याला पूर्वी एएसए म्हणत, आता आयएसओ म्हणतात. १०० च्या रोलला जेवढा प्रकाश लागतो त्याच्या निम्मा २०० च्या रोलला पुरतो आणि पाव ४०० च्या रोलला. रोल भरला की हा आकडा कॅमेऱ्याच्या वेगाच्या चकतीवर लावायचा. के-१००० मध्ये त्या चकतीची कड वर उचलून फिरवली की तो लागतो. मग रोल संपेपर्यंत त्याला हात लावायचा नाही.

दुसरा आकडा भिंगातल्या छिद्राचा. भिंगाच्या कड्यावर २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२ असे आकडे असतात. नवशिक्यांचा गोंधळ होतो तो इथे, कारण आकडा वाढला की छिद्र लहान होते. हा आकडा भागाकाराचा आहे. ५० मिलिमीटरच्या भिंगाला २ लावले म्हणजे ५० भागिले २, छिद्र २५ मिलिमीटर रुंद. ४ लावले तर साडेबारा. प्रत्येक पुढच्या आकड्याला प्रकाश निम्मा होतो.

तिसरा आकडा वेळेचा. चकतीवर ६०, १२५, २५०, ५००, १००० लिहिलेले असते, ते सेकंदाचे भाग. १२५ म्हणजे सेकंदाचा एकशे पंचविसावा भाग पडदा उघडा राहणार. इथेही दर पायरीला प्रकाश निम्मा.

आता ताळेबंद. एका बाजूला एक पायरी कमी केली तर दुसऱ्या बाजूला एक पायरी वाढवायची, जमा तेवढीच राहते. १/१२५ ला छिद्र १६, १/२५० ला ११, १/५०० ला ८, १/१००० ला ५.६. चारही ठिकाणी रोलवर प्रकाश सारखाच पडतो. मग निवड कशी करायची? मिरवणुकीत लेझीम खेळणारी मुले टिपायची असतील तर वेळ कमी हवा, म्हणून १/५०० घ्यावे. तीन ओळींत बसलेल्या पंचवीस माणसांचा फोटो असेल तर पुढच्यापासून मागच्यापर्यंत सगळे चेहरे स्पष्ट यायला हवेत. त्यासाठी छिद्र लहान हवे, ८ किंवा ११. एकट्या आजीचा फोटो काढताना मागची दोरीवरची धुणी धूसर करायची असतील तर छिद्र मोठे, २.८ घ्यावे. आणि कॅमेरा हातात धरून १/६० पेक्षा सावकाश जाऊ नये, हात हलतो आणि फोटोही हलतो.

सेल संपला तरी अडत नाही. स्वच्छ उन्हात छिद्र १६ ठेवायचे आणि वेळ रोलच्या आकड्याएवढी, म्हणजे २०० च्या रोलला २५० ची पायरी. ढगाळ दिवशी, सावल्या पडत नसतील तेव्हा छिद्र ८. इमारतीच्या मोकळ्या सावलीत ५.६ किंवा ४. एवढा पाढा पाठ झाला की निम्मा कॅमेरा आला.

सुई काय सांगत नाही

के-१००० च्या खिडकीतून पाहिले की उजव्या कडेला एक सुई दिसते. छिद्र आणि वेळ फिरवून ती मध्यावर आणली की प्रकाश बरोबर, असे पुस्तकात लिहिलेले असते. इथेच आपल्या माणसांचे फोटो काळवंडतात.

सुईला माणूस कळत नाही. समोर माणूस आहे, भिंत आहे की म्हैस, तिला काही ठाऊक नसते. समोरून जो प्रकाश परत येतो त्याची ती सरासरी काढते आणि समोर सगळे मधल्या राखाडी रंगाचेच आहे असे धरून चालते. पांढरे दिसले तरी त्याला राखाडी करणार, काळे दिसले तरी राखाडी करणार. आता आपल्याकडचे मंगल परिणय डोळ्यासमोर आणा. वधू-वर पांढऱ्या वस्त्रांत, भोवतीच्या निम्म्या बाया पांढऱ्या साड्यांत, पाठीमागे पांढरे कापड. सुईला चौकटीत पांढरेच पांढरे दिसते. ती म्हणते प्रकाश फार झाला, आवरा. फोटोवाला सुईचे ऐकून छिद्र लहान करतो. साड्या राखाडी येतात आणि त्यांच्या मधले सावळे चेहरे अंधारात जातात. डोळे दिसत नाहीत, कपाळावरची रेघ दिसत नाही. मग आपण म्हणतो, मी काळी आले!

मंडपातही तेच होते. माणसे मंडपाच्या सावलीत उभी आणि पाठीमागे उन्हाने तापलेले मैदान. पूर्ण चौकटीवर सुई १/१२५ ला ११ सांगेल, आणि त्याच वेळी चेहऱ्यापाशी जाऊन माप घेतले तर ५.६ सांगेल. फरक दोन पायऱ्यांचा, म्हणजे चौपट प्रकाशाचा. चेहऱ्याला शंभर रुपये द्यायचे होते, आपण पंचवीस दिले. पंचवीस रुपयांत चेहरा कसा उजळेल?

उपाय फुकटचा आहे. चेहऱ्याच्या इतके जवळ जा की खिडकीत फक्त चेहराच दिसेल. तिथे सुई मध्यावर आणा. आता ते आकडे न बदलता मागे या, चौकट धरा आणि खटका दाबा. मागे आल्यावर सुई हलेल, कुरकुर करेल, तिच्याकडे लक्ष देऊ नका. चेहरा खूप गडद असेल तर एक पायरी प्रकाश कमी करा, नाहीतर सुई त्यालाही राखाडी करून टाकेल. चेहरा गोरा करून दाखवणे हा आपला हेतू नाही, ते काम पावडरवाल्या जाहिराती करतातच. जो रंग आहे तोच रंग, पण डोळे, सुरकुत्या आणि हसू यांच्यासकट दिसायला हवा.

प्रत्येकाच्या नाकाशी कॅमेरा नेणे बरे दिसत नाही. त्यासाठी आणखी एक युक्ती आहे. आपला तळहात समोरच्या माणसावर पडतो त्याच उजेडात धरा, त्यावर माप घ्या आणि एक पायरी प्रकाश वाढवा. माणसांच्या चेहऱ्यांचे रंग नाना तऱ्हेचे असले तरी तळहात सगळ्यांचे जवळपास सारखेच उजळ असतात. म्हणून ही युक्ती कोणत्याही मुलखात, कोणत्याही माणसाच्या हाताने चालते. आणि मनात शंका राहिलीच तर अर्धी-एक पायरी जास्तच द्या. निगेटिव्हचा रोल थोडा जास्तीचा प्रकाश सहज पचवतो. पण जिथे प्रकाश पडलाच नाही तिथले काही नंतर आणता येत नाही.

माप ठरवले कोणी?

माप फक्त कॅमेऱ्यातच ठरते असे नाही. रोल धुतल्यावर कागदावर प्रिंट काढतानाही रंगांचे माप लागते. अमेरिकेतल्या कोडॅक कंपनीने १९५० च्या दशकापासून छपाईच्या प्रयोगशाळांना एक नमुन्याचे कार्ड पुरवले. त्यावर एका गोऱ्या बाईचा फोटो असे. पहिल्या बाईचे नाव शर्ली, म्हणून पुढे बायका बदलल्या तरी कार्डाला शर्ली कार्डच म्हणत. त्या गोऱ्या कातडीचा रंग बरोबर आला की छपाई बरोबर, हे धरून जगभरची यंत्रे लावली जात. त्या मापात सावळी आणि काळी माणसे बसत नव्हती. कॅनडातल्या संशोधक लोर्ना रॉथ यांनी कंपनीच्या जुन्या माणसांना भेटून २००९ साली हा इतिहास प्रसिद्ध केला. त्यातली एक गोष्ट मनाला लागते. गडद तपकिरी रंगाच्या छटा रोलवर नीट येत नाहीत ही ओरड कंपनीने मनावर घेतली, ती चॉकलेट बनवणाऱ्यांनी आणि लाकडी फर्निचर विकणाऱ्यांनी केली तेव्हा! वेगवेगळ्या वर्णांच्या माणसांचे कार्ड यायला १९९० चे दशक उजाडावे लागले. आज मिळणारे रोल त्या मानाने पुष्कळ सुधारलेले आहेत. पण धडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. ज्याला आपण यंत्राचा निकाल समजतो तो कधीतरी कोणा माणसानेच ठरवलेला असतो. म्हणून रोल धुवायला देताना, “प्रिंट आणि स्कॅन चेहऱ्याप्रमाणे करा, कपड्यांप्रमाणे नको,” असे सांगायला संकोच करू नये.

हे माप आपल्या हाती घेणारा एक माणूस सांगतो. गॉर्डन पार्क्स, जन्म १९१२, अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या गरीब काळ्या कुटुंबातला. तो रेल्वेत वेटरचे काम करीत होता. प्रवासी टाकून गेलेल्या मासिकात त्याने पोटासाठी गाव सोडून निघालेल्या मजुरांचे फोटो पाहिले आणि वयाच्या पंचविशीत गहाणवटीच्या दुकानातून एक जुना कॅमेरा विकत घेतला. शिकला स्वतःच्या स्वतः. १९४२ साली वॉशिंग्टनमध्ये सरकारी कचेरीत झाडलोट करणाऱ्या एला वॉटसन या बाईंना त्याने अमेरिकेच्या झेंड्यासमोर उभे केले, एका हातात झाडू, बाजूला फरशी पुसण्याचे पोतेरे, नजर सरळ. तो फोटो आज जगभर ओळखला जातो. १९४८ मध्ये तो ‘लाइफ’ या मोठ्या साप्ताहिकाचा पहिला काळा नोकरदार छायाचित्रकार झाला. त्याच्या आत्मचरित्राच्या नावातच कॅमेऱ्याला हत्यार म्हटले आहे. पण हत्यार चालवण्याआधी त्याला हेच छिद्राचे आणि वेळेचे आकडे शिकावे लागले होते.

पहिला रोल असा वापरा

रोल सावलीत भरावा. डावीकडची गुंडाळण्याची मूठ वर ओढली की मागचे दार उघडते. रोलची पट्टी उजवीकडच्या फिरकीच्या खाचेत अडकवा, दोन्ही कडांची भोके दात्यांत बसली ना ते पाहा आणि दार लावा. दोन खटके रिकामे दाबा. तिसऱ्यांदा चावी ओढताना डावीकडची मूठ आपोआप फिरायला हवी. ती फिरली म्हणजे रोल पुढे सरकतो आहे. नाही फिरली तर लग्न पार पडेल आणि रोल कोराच राहील. खिडकीच्या मधोमध एक दाणेदार वर्तुळ दिसते. भिंग फिरवत समोरच्याच्या डोळ्यावर ते दाणे चमकायचे थांबले की फोटो स्पष्ट. फ्लॅश लावलात तर वेळ १/६० च ठेवा, नाहीतर अर्धा फोटो काळा येईल. रोल संपला की तळाचे छोटे बटण दाबून मूठ बाणाच्या दिशेने गुंडाळा. हाताला एकदम हलके लागेपर्यंत दार उघडायचे नाही.

पहिले बारा फोटो एकाच माणसाचे काढा. चार उन्हात, चार सावलीत, चार खिडकीच्या उजेडात. प्रत्येक ठिकाणी एक फोटो सुई सांगेल तसा, एक चेहऱ्याजवळचे माप घेऊन, एक तळहाताचे माप घेऊन, आणि एक त्याहून एक पायरी जास्त देऊन. पुढचे बारा फोटो पांढऱ्या कपड्यातल्या माणसांचे. उरलेले बारा घरच्यांचे, मनाला येतील तसे. दर फोटोला वहीत एक ओळ लिहा: फोटोचा क्रमांक, जागा, उजेड, छिद्र, वेळ, माप कुठे घेतले. वही ठेवली नाही तर रोल धुऊन आल्यावर कोणता फोटो कशाने चांगला आला हे सांगता येत नाही आणि दीड हजार रुपये शिकवल्याशिवाय जातात.

हे शिकलेले मोबाईललाही लागू पडते. फोटो काढताना पडद्यावर चेहऱ्याच्या जागी बोट ठेवले की मोबाईल तिथले माप घेतो. बोट ठेवले नाही तर तोही पाठीमागच्या आभाळाला भुलू शकतो. हाताचा कॅमेरा चालवलेल्या मुलाला हे सांगावे लागत नाही, त्याचे बोट आपसूक चेहऱ्यावर जाते.

आमच्या वस्तीत रविवारी चार-पाच मुलेमुली मिळून एका कॅमेऱ्यावर हे करतात. भागाकार आला म्हणजे पुरे, इंग्रजीचे अडत नाही. मुलींना मुद्दाम पुढे करावे. कॅमेरा मुलीच्या हातात असला की घरातल्या बाया तिच्यासमोर मोकळ्या उभ्या राहतात, मागे सरत नाहीत.

शेवटी निगेटिव्हविषयी. स्कॅन मोबाईलवर आले म्हणून निगेटिव्ह दुकानातच सोडून येऊ नका. मोबाईल बदलतो, हरवतो. निगेटिव्हची पट्टी कोरड्या जागी ठेवली तर अनेक वर्षांनंतरही तिच्यावरून पुन्हा फोटो निघतो. पट्ट्या कापून पाकिटात ठेवा, पाकिटावर तारीख आणि गाव लिहा. प्रिंटच्या मागे पेन्सिलीने, डावीकडून उजवीकडे, फोटोतल्या प्रत्येकाचे नाव लिहा. नुसते ‘मामी’ आणि ‘शेजारच्या काकू’ नको, पूर्ण नाव लिहा. जुन्या सभा-मोर्चांच्या कितीतरी फोटोंत आज चेहरे स्वच्छ दिसतात आणि नाव सांगणारे कोणी उरलेले नाही.